रिकामं सोडलं तर

बंद पंखा. एकाच पायात मोजा घातलेलं मूल. शाळेच्या ऑफिसची खिडकी, आत चहाचा कप. रांगेत माझ्यापुढे नवरा-बायको. तो फोनवर.

"सॉफ्टवेअरचा बिल्ड अडकला नाही, हाच तर घोळ झाला! सर्व्हरचा पत्ता ऐच्छिक ठेवलास ना? मग कुणी तो भरला नाही, तेव्हा स्क्रिप्टने काय केलं? आपल्याच मनाने जुना पत्ता धरला आणि पुढे गेली. अरे राजा, रंगबिंग असेल तर धर काहीही. पण जे नंतर बदलता येत नाही, ते रिकामं दिसलं की थांबायचं. विचारायचं. चल, फोन ठेवतो."

"झालं?"

"झालं. कुणी काही सांगितलं नाही की 'हो' धरून चालतात ही पोरं."

"तुझ्या बदलीचं सांगितलंस तेव्हा मी काय म्हणाले होते?"

"तू? काहीच नाही."

"मग?"

"नको असतं तर बोलली असतीस ना."

"म्हणजे काय धरलंस?"

"अगं, हे काय रांगेत?"

"घरी तू खोकी भरत असतोस."

"मी कंपनीला होकार कळवून बसलोय."

"तुझा कळवलास."

खिडकीतून आवाज आला, "पुढचे कोण? बोला."

"मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला हवाय."

"इथे वडिलांची सही. इथे आईची."

"माझी नसली तर चालतं?"

"नाही हो. त्याशिवाय पुढे जातच नाही."

"ऐकलंस? मी नाही करत सही."

माझ्या मुलीला सकाळी नेहमीसारखंच वर्गात सोडलं होतं; मलाही तिचा दाखलाच हवा होता, पण तिला विचारलं नव्हतं.