सगळं हिरवंगार

मंजुषा : ...मग माझी लाल गावं कुठे गेली, उदयसिंहअण्णा? काल कॉम्प्युटरवर माळवाडीसकट सात गावं लाल ठेवून घरी गेले. आज स्टेजमागे मदतीचा नकाशा बघते तर सगळा हिरवागार! लातूरकडे भूकंप झालाय की पीक आलंय?

उदयसिंह : आवो मॅडम, पावनं येनार, फोटो निघनार. त्यात लाल बरं दिसतं का? मीच तुमच्या हाताखालच्या नमिताला म्हनलं, प्रिंट काढताना हिरवं करून टाक.

मंजुषा : लाल म्हणजे तिथे अजून एकही ट्रक पोचलेला नाही. एवढं तरी कळतं ना?

उदयसिंह : कळतंय की. आख्ख्या तुर्भ्याच्या मार्केटात असला कॉम्प्युटर आपल्याच संघटनेकडं हाय!

मंजुषा : हो ना, हार घातलाय त्याला. माऊसलासुद्धा कुंकू फासलंय. माझा हात बघा. तेवढंच लाल शिल्लक ठेवलंत.

उदयसिंह : करा चेष्टा. ताडपत्र्यांची गाडी गेली का न्हाई?

मंजुषा : कुठे गेली ते बोला ना! पूल टाळून माळवाडीचा रस्ता आखून दिला होता मी.

उदयसिंह : माळवाडीत कोन बगनार? मोठ्या गावात धाडली, तितं मांडव टाकलाय, बॅनर लावलाय.

मंजुषा : मोठ्या गावात ताडपत्र्या इतक्या झाल्यात की कडब्यावर घालतायत. लाज वाटते मला इथे बसायची!

उदयसिंह : हळू बोला. शालन येतीया, आपल्या हौसेराव हमालाची बायको.

शालन : अण्णा, साखर घ्या. ताई, तुमी बी घ्या. त्यो नकाशा तुमीच केला न्हवं? लई उपकार झाले.

मंजुषा : कसले उपकार, शालनताई?

शालन : माजी धाकटी भन प्रेमला माळवाडीत दिलीया. घर पडलं, लेकरं घिऊन झाडाखाली बसलीया, वरनं पाऊस. आजच्या गाडीत तिला बोचकं देनार हुते, वाकळा, पीठ, वर टाकायला प्लास्टिकचा कागद. मग नकाशा बगितला. नमिताताई म्हनल्या, हिरवं म्हंजी तितं पोचलं. मग बांधलेलं बोचकं सोडलं. वाकळा गाडीत टाकल्या, म्हनलं ज्याला नसंल त्याला द्या.

उदयसिंह : मॅडम... गाडी लई लांब गेली आसंल का वो?

मंजुषा : सकाळीच गेली, अण्णा. नारळ तुम्हीच फोडलात.

शालन : घ्या की साखर. आज माज्या भनीची लेकरं कोरड्यात झोपतील.