देराचं नाव मी सभेत घेतलं

माहेर माहं आंजीचं, मोठी आंजी म्हणते तेच. बापाचं वावर होतं, कापूस पिके, तूर पिके, खाऊन-पिऊन सुखी होतो आम्ही. मंग शहरात दिलं मले. नवरा जिनिंगमंधी हमाल, अन् लग्नाच्या दुसऱ्या हंगामात मीबी त्याच जिनिंगमंधी कापूस निवडाले लागली. काय सांगू तुम्हाले ताई, तिथं यंत्राचा एवढा आवाज राहे का बाजूच्या बाईले काही सांगाचं तर ओरडूनच सांगा लागे, म्हून माहा आवाज असा मोठा झाला. लोकं म्हणे कौसाबाई भांडते. भांडत नाई मी, बोलतेच तशी.

रामदास माहा देर, नवऱ्याचा लहान भाऊ. सासर आमचं मूळचं समुद्रपूरकडचं, तर हा शाळेसाठी आमच्याजोळ आला तवा त्याले मिसरूडबी नव्हतं फुटलं. मीच त्याचा डबा बांधला, मीच धपाटे घातले, तापानं फणफणला तवा मीच उशाशी बसली. पोलिसात भरती निघाली तर नवरा म्हणे नको, ती नोकरी बेकार. मी म्हटलं काऊन बेकार, माणूस चांगला असला का नोकरीबी चांगली. भरती झाला, वर्दी घालून पयले माह्या पाया पडला, मंग आपल्या मायच्या. अख्ख्या मोहल्ल्यात मिरवलं मी त्याले.

आता आपला जिल्हा दारूबंदीचा, हे तुम्हाले मालूमच हाय. दुकानं बंद झाली अन् नाल्याकाठी हातभट्ट्या लागल्या. मोहाची तरी बरी म्हणा, पण त्यात कायकाय टाकत ते त्याईलेच माहीत. शेजारच्या शांताचा नवरा सुतार होता, हात असा का खाटेचा पाया करावा तर त्यानंच. एका सांजी तिथून पिऊन आला, झोपला, अन् सकाळी उठून म्हणे शांता, दिवा लाव, मले दिसून नाई राह्यलं. उजाडलं होतं हो ताई, आंगणात ऊन आलं होतं. डोळे गेले ते गेलेच. आम्ही बाया शांताले घेऊन ठाण्यात गेलो तर तिथं जमादार बसला होता, तो म्हणे तुह्या नवऱ्याले प्याले कोणी सांगतलं होतं बाई? अन् हसला. तक्रार काही लिहिली नाई त्यानं. आम्ही तशाच वापस आलो.

मंग नवीन ठाणेदार आला. तरुण होता, बोलणं पश्चिमेकडचं, आम्हाले सुरवातीले अर्धं समजेच नाई. पण त्यानं एक गोष्ट केली, दक्षता समिती बनवली, म्हणजे मोहल्ल्यातली माणसं निवडली, अन् बायांमधून शाळेच्या हेडमास्तरीणबाई अन् मी. दर महिन्याले मारुतीच्या देवळापुढं सभा. पोलीस काय करते अन् काय नाई करत, ते लोकाईनं त्याईच्या तोंडावर सांगाचं. ठाणेदार स्वतः सतरंजीवर बसे, जमादार बाजूले, शिपाई मागं उभे, त्यात रामदासबी, त्याची नोकरी त्याच ठाण्यात होती. पयल्या सभेत कोणी तोंड उघडेना. पोलिसाच्या पुढं पोलिसाबद्दल कोण बोलन? मीच उठली अन् शांताचं सारं सांगतलं, जमादार हसला तेबी सांगतलं. ठाणेदारानं तिथंच तक्रार लिहून घ्याले लावली. तवापासून लोकं बोलाले लागले.

पण भट्टी काही हाती लागेना. ठाणेदार अन् समिती मिळून धाड ठरवे, तिथं पोचलो तर चूल गरम, राख ताजी, अन् माणूस नाई का मडकं नाई. दर खेपेले हेच. ठाणेदार म्हणे बातमी ठाण्यातूनच जाऊन राह्यली, पण ती नेऊन देते कोण?

ते मले कळलं ना ताई. अन् कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंबी त्या दिवशी वाटलं.

दुपारची सुट्टी झाली होती, मी नाल्याच्या रस्त्यानं घरी येऊन राह्यली होती, तर भट्टीवाल्याच्या आंगणात रामदासची सायकल. मी उभी राह्यली. तो बाहेर आला, मले पाह्यलं, अन् त्याचं तोंड उतरलं. सायकल हातात धरून माह्यासंगं चालला. मंग म्हणे वैनी, मले जमादार पाठवते, मी नाई आलो तर तो माही नोकरी खाईन, मी नुसता निरोप सांगतो, अजून काही नाई करत. मी म्हटलं शांताच्या घरी तो माणूस भिंत चाचपत चालते, अन् तू त्याच भट्टीवाल्याले निरोप देतं? मी म्हटलं सभेत तू स्वतः सांग, नाई सांगतलं तर मी सांगीन.

सासू तवा आमच्याचजोळ राहे. त्यानं घरी येऊन मायले सांगतलं. सासू रडे अन् मले बोले, पोटच्या पोरासारखा वाढवला अन् आता त्याची भाकर हिसकतं काय? तिचं काही चुकत नव्हतं हो, तिचा पोरगा होता, अन् तसा तर माहाबी होताच. नवरा कोणाच्या बाजूनं बोलला नाई. सभेच्या दिवशी मी पातळ नेसून निघाली तवा तो दारात आला अन् एवढंच म्हणे, जा तू, अन् खरं ते सांग.

देवळापुढं गर्दी होती. रामदास मागं उभा, नजर खाली. मी वाट पाह्यली, आता बोलन, मंग बोलन. नाई बोलला. तवा मी उठली अन् म्हटलं, साहेब, भट्टीवाल्याले बातमी माहा देर नेते, रामदास. अन् त्याले पाठवणारा तुमच्या बाजूले बसला हाय.

जमादार म्हणे बाई, घरचं भांडण सभेत काऊन आणता? दोनचार जण हसलेबी. तेवढ्यात रामदास पुढं आला. टोपी काढून हातात धरली अन् म्हणे, वैनी खोटं नाई बोलत साहेब. मीच नेतो. जमादारसाहेब पाठवते.

मी पाहून राह्यली होती, अन् मले वाटलं का जाऊन त्याले धरावं, पण मी जागेवरच उभी राह्यली. ते त्याचं त्यालेच करू देणं जरूर होतं.

चौकशी बसली. जमादाराची वर्दी गेली. रामदास सस्पेंड झाला, बराच काळ आपल्या भावासंगं जिनिंगमंधी कापसाचे बोरे उचलत होता, मोहल्ला पाहे अन् हा मान खाली घालून उचले. भट्टी आम्ही बायांनी पोलिसाच्या सोबत जाऊन फोडली, शांतानं पयलं मडकं फोडलं. दारू संपली काय? नाई ताई, खोटं काऊन सांगू, तिकडची गेली अन् दुसरीकडं निघाली, पण मंग तिथल्या बायाबी ठाण्यात यायले लागल्या. सासू समुद्रपूरले निघून गेली. मरेपर्यंत माह्या हातचं पाणी नाई घेतलं तिनं. ते दुखते अजून. पण ती गोष्ट पुन्हा आली तर मी पुन्हा उठीन.

रामदासले नोकरीवर वापस घेतलं, दूरच्या ठाण्यात टाकलं. त्याच्या लग्नाचं जमत होतं तवा पोरीच्या बापाले त्यानं स्वतःच सारं सांगतलं, सस्पेंड काऊन झालो तेबी. बाप दोन दिवस विचारात होता, अन् मंग पोरगी देल्ली. आता तो तिकडं जमादार झाला. दिवाळीले बायको-लेकरं घेऊन येते, पयले माह्याच घरी उतरते.

समिती अजून हाय. ठाणेदार येते-जाते, कोणी ऐकते, कोणी नुसता चहा पाजते अन् वाटे लावते. चहा मी पिते, पण बोलल्याशिवाय उठत नाई. मागच्या हप्त्यात आमच्या गल्लीतली एक कालेजातली पोरगी एकटीच ठाण्यात गेलती, रस्त्यात सतावणाऱ्या पोट्ट्याची तक्रार लिहून आली, अन् मले सहज पाण्याच्या नळावर सांगतलं. मी म्हटलं मले काऊन नाई बलावलं? ती म्हणे तुम्हाले कशाले तरास देऊ मावशी, काम तर झालं.

झालं ना. मले यापरीस अजून काय पायजे? त्या पोरीचं चांगलं होवो, तुमचंबी चांगलं होवो ताई, अन् घरी जाऊन दोन घास बसून खाजा, किती वाळल्या तुम्ही.