चुकामूक झाली तर चपलांपाशी

जबाब देणार : शालन जोतीराम मेंगाणे, वय ५३, व्यवसाय घरकाम व दोन म्हशी, मूळ गाव मुरगूड, सध्या रा. पुलाची शिरोली, ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर. दि. १२ जून २००८.

मी आज पोलीस ठाण्यात आपणहून हजर होऊन, विचारल्यावरून समक्ष सांगते की,

माझे पती जोतीराम गणपती मेंगाणे, वय ५९, हे शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत मोल्डर म्हणून काम करून निवृत्त झाले आहेत. आम्हास एकच मुलगी, श्रुती. ती आर्किटेक्ट असून स्पेन देशात बिल्बाव या शहरी नोकरीस आहे. तिने बोलावल्यावरून आम्ही एप्रिलमध्ये तिच्याकडे गेलो. पती तेथे बेपत्ता झाले व अद्याप मिळून आलेले नाहीत. व्हिसा संपल्याने मला एकटीला परत यावे लागले. श्रुती तेथे शोध घेत आहे. आपल्या वकिलातीने गावच्या पोलिसांकडील नोंद मागितली आहे. येथून मला यापूर्वी ‘ती आमची हद्द नव्हे’ म्हणून परत पाठवले होते. हद्द आपली नव्हे हे मलाही कळते. माणूस आपला आहे.

घटनेच्या दिवशी सकाळी पाऊस होता. पतीचे पाय भिजतात म्हणून श्रुतीने त्यांना बूट घेऊन दिले. जुन्या चपला तेथेच टाकू म्हणाली. त्यावर पती म्हणाले, “कापशी गावचा जोड हाय, पोरी. तुझं बूट फाटतील, ह्यो न्हाय फाटायचा.” चपला त्यांनी कापडी पिशवीत घालून सोबत घेतल्या.

दुपारी आम्ही जुन्या पेठेत गेलो. तेथे ओळीने बार आहेत. बार म्हणजे आपल्याकडील नव्हे, लेकरेबाळे घेऊन माणसे येतात. पावाच्या चकतीवर मासा किंवा मिरची ठेवून काडी टोचलेली असते. उभ्याने एकदोन खायचे आणि पुढच्या बारात जायचे, अशी रीत आहे. श्रुती त्यास टापास म्हणाली. पती म्हणाले, “आपल्याकडं पावणं असं घासावर उठलं तर चार गावं नावं ठेवतील.” पण त्यांना आवडले होते. ते हसत होते.

तेथून नदीकाठाने पूल व इमारती बघत प्रदर्शनाच्या इमारतीत गेलो. आत एका दालनात माणसाच्या दुप्पट उंचीच्या, वळत जाणाऱ्या लोखंडी भिंती उभ्या केलेल्या आहेत. फौंड्रीत कास्टिंग ठोकून त्याचा आवाज घेतात. खणखणीत आला तर माल चांगला, बद्द आला तर आत चीर. पतीने सवयीने बोटाच्या पेराने भिंत ठोकली व कान लावला. लगेच पहारेकरी ओरडत आला. श्रुती म्हणाली, “आण्णा, इथं हात लावत न्हाईत.” पती म्हणाले, “देवाला बी हात लावू देत्यात, पोरी.” मग ते पुढे गेले. भिंती वळत असल्याने पुढचे माणूस दिसत नाही. आम्ही बाहेरच्या टोकास आलो, तेव्हा ते तेथे नव्हते.

मी हाक मारली. “अवो” एवढीच. पतीचे नाव मी आयुष्यात घेतलेले नव्हते. आज येथे लिहून देण्यासाठी प्रथम घेतले.

त्यांचे जाकीट आत शिरताना खाली जमा केलेले होते. घरचा पत्ता जाकिटाच्या खिशात होता. तिकीट श्रुतीकडे होते. एकदा बाहेर पडल्यावर त्यांना आत येता आले नसावे.

आमच्यात एक ठरलेले आहे. लग्नानंतर जोतिबाच्या चैत्र यात्रेत आमची चुकामूक झाली होती. तेव्हा पती म्हणाले होते, “हितनं म्होरं चुकलो तर चपलांपाशी यायचं. चपला सोडून कोण घरला जात न्हाय.” तेव्हापासून कोठेही गर्दीत आम्ही तसेच करतो. त्या दिवशीही मला ते आठवले. परंतु पिशवी त्यांच्याच हातात आहे असे मी धरून चालले. श्रुती म्हणाली, आई, दार सोडू नको. मी इमारत बंद होईपर्यंत दारात उभी राहिले. पुढचे कित्येक दिवस तेथेच उभी राहिले.

नंतर श्रुतीने फोटो घेऊन जुनी पेठ पालथी घातली. एका बारची मालकीण माइते हिने फोटो ओळखला. तिने सांगितले ते श्रुतीने मला मराठीत सांगितले. पिशवी दुपारी तिच्या बारात खुंटीला राहिली होती. पती त्याच सायंकाळी नदीच्या कडेने चालत तेथे आले. त्यांनी बूट काढले, चपला दाराशी नीट मांडल्या आणि शेजारी उभे राहिले. खायला दिले ते घेतले नाही. चपलांकडे बोट दाखवायचे, मग रस्त्याकडे. बार बंद होईपर्यंत उभे होते. मग चपला घालून गेले. बूट तेथेच राहिले.

म्हणजे ते ठरल्याप्रमाणे आले होते. मी गेले नाही.

वर्णन : रंग सावळा, उंची मध्यम, उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग. भाषा मराठी, दुसरी येत नाही. लोखंड दिसले की ठोकून बघतात. पायात कापशीच्या चपला. असा जोड कोठे दाराबाहेर दिसल्यास उचलू नये, शेजारी थांबावे. माणूस जवळपासच असेल.

दीर गुंडू गणपती मेंगाणे याने “वैनी, आता किती दिस वाट बघायची?” असे विचारले. मी त्यास उत्तर दिले. ते येथे लिहिण्याजोगे नाही.

मी परत येताना विमानात पतीचे बूट घालून आले. आताही पायात तेच आहेत. पुरावा म्हणून जमा करा असे सांगण्यात आले. मला घालायला दुसरे काही नाही. माझ्या चपला मी माइतेच्या बारच्या दाराशी मांडून आले आहे. त्या तेथून कोणी हलवू नये, एवढे तिकडच्या पोलिसांना त्यांच्या भाषेत लिहून कळवावे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. चपलांचे वाक्य मी पुन्हा एकदा वाचायला लावले, तेही बरोबर आहे.

सही : शालन जोतीराम मेंगाणे