पाणबुड्याचा शेवटचा अंक

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या पाणीपुरवठा कार्यालयाचे मुख्य अभियंता साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले आणि आत्ताच हळूच घड्याळ पाहून घेतलेले प्रमुख पाहुणे. आजचे सत्कारमूर्ती, आपल्या आरेखन शाखेचे प्रमुख. पहिल्या रांगेतल्या आमच्या वहिनी. आणि मीटर दुरुस्तीपासून बिलाच्या खिडकीपर्यंत सगळ्या शाखांतून आलेल्या बंधू-भगिनींनो, माझ्या प्रेमापोटी म्हणा की मागच्या टेबलावरच्या चहा-बिस्किटांपोटी म्हणा, आपण जागेवर बसून आहात, त्याबद्दल आधी आपल्याला नमस्कार.

मी या कार्यालयाचा माजी भांडारपाल. दोन वर्षांपूर्वी याच सभागृहात मला निरोप दिला गेला, तेव्हा माझ्याबद्दल सत्कारमूर्तीच बोलले होते आणि फार सुंदर बोलले होते. आज परतफेडीची पाळी माझी. संयोजकांनी मला बजावलंय, थोडक्यात बोला आणि चांगलं बोला. थोडक्यात बोलायचा प्रयत्न करतो. चांगल्याचं बघू.

सत्कारमूर्तींचं काम आपण जाणता. शहराखालची प्रत्येक जलवाहिनी त्यांनी कागदावर आणली. संगणक आले तरी त्यांची पेन्सिल टोकदारच राहिली. रस्ता खणणारे लोक म्हणतात, साहेबांनी नकाशात व्हॉल्व्ह दाखवलाय ना, मग तो तिथंच असणार. जमिनीच्या पोटातलं इतकं नेमकं दाखवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या पोटात काय काय दडलेलं असतं, हा प्रश्न मला परवापर्यंत कधी पडला नव्हता.

पण त्याकडे येतो.

आमची ओळख नोकरीतली नाही. आम्ही लहानपणापासूनचे शेजारी. एका भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे हे. यांचं नाव सुसाट, माझं गोगलगाय. ही नावं आम्हाला वाचनावरून पडली. त्या काळी दर महिन्याला ‘पोलादी पाणबुड्या’ नावाचं एक कॉमिक निघायचं. तरुण मंडळींना ठाऊक नसेल. डोक्यावर तांब्याचं शिरस्त्राण घालून समुद्राच्या तळाशी जाणारा एक पाणबुड्या, आणि वर होडीत त्याचा दोर धरून बसलेला त्याचा मित्र. त्या मित्राला आम्ही दोरवाला म्हणायचो. दोरवाल्यानं दोर सोडला की पाणबुड्या संपला, इतकी साधी गोष्ट. ती वर्षानुवर्षं चालली, कारण दोरवाला दोर सोडत नसे.

दर महिन्याला अंक घेण्याची ऐपत दोघांच्याही घरात नव्हती. म्हणून वाटणी केली. विषम अंक याचे, सम अंक माझे. वाचायचे मात्र एकत्र, आमच्या जिन्यात, गुडघ्याला गुडघा लावून. हा सुसाट, पान बघता बघता संपवायचा. मी चित्रांत रेंगाळायचो. माशाचे खवले चित्रकारानं नीट काढलेत की टाळलेत, हे पाहिल्याशिवाय मला पुढे जाववत नसे. म्हणून नियम झाला. पान उलटणार हा, पण मी ‘हं’ म्हटल्यावर. माझं ‘हं’ येईपर्यंत हा पानाचा कोपरा चिमटीत धरून बसायचा. अस्वस्थ व्हायचा, पाय हलवायचा, एकदा तर रडकुंडीला आला. पण माझ्या ‘हं’शिवाय यानं पान उलटलं नाही.

प्रमुख पाहुण्यांच्या चेहऱ्यावर मला प्रश्न दिसतोय. निवृत्तीच्या समारंभात हे काय चाललंय? साहेब, कॉमिक वाचणाऱ्याला हा चेहरा लहानपणापासून पाठ असतो. “अजून चित्रंच बघतोस का?” असं मला आधी वडील म्हणाले, मग सासरे म्हणाले, आता नातू म्हणतो. आमच्या जमातीची दुःखं आपल्याला कुठून कळणार? मुखपृष्ठावर आठ हातांचा राक्षस दाखवतात, आत राक्षसाचा पत्ता नसतो, आत दोघे जण टेबलाशी बसून बोलत असतात. मधेच चित्रकार बदलतो, आणि गेल्या महिन्यापर्यंत चौकोनी हनुवटीचा असलेला माणूस या महिन्यात बटाट्यासारखा दिसायला लागतो. गोष्टीतले त्याच्या घरचे कुणी त्याला ओळखायला चुकत नाहीत, हे विशेष. नायक मरतो, आपण दोन दिवस नीट जेवत नाही, आणि चार महिन्यांनी तो परत येतो. आल्यावर साधी दिलगिरीसुद्धा नाही! दुकानदार किमतीचं चिकट लेबल नेमकं नायकाच्या तोंडावर लावतो. अंक वाचायला नेणारा मुखपृष्ठ मागे दुमडून वाचतो. अशा माणसाला मी माझी मुलगी दिली नसती. आणि सिनेमा काढतात, त्यात नटाचा चेहरा दिसावा म्हणून पहिल्या पाच मिनिटांत शिरस्त्राण काढून ठेवतात. समुद्राच्या तळाशी!

असो. दुखणं निघालं की खपली निघते. मुद्द्यावर येतो.

आम्ही दोघं या कार्यालयात लागलो, त्याच सुमारास पाणबुड्या बंद व्हायचं जाहीर झालं. शेवटून दुसरा अंक सम, म्हणजे माझा. त्याच्या शेवटच्या चौकटीत पाणबुड्या खोल तळाशी अडकलाय, वर वादळ आहे, आणि दोरवाल्याच्या हातातला दोर घसरतोय. खाली लिहिलंय, पुढील अंकी समाप्त. तो शेवटचा अंक विषम. यांचा.

आणि नेमकी माझी बदली झाली धरणाच्या कामावर, डोंगरात. अंक आला त्या दिवशी यांचा फोन आला. “गोगलगाय, अंक आलाय.” मी म्हटलं, “उघडू नकोस. मी आलो की जिन्यात बसू.” हे म्हणाले, “बरं.” मग माझी सुट्टी नामंजूर झाली, मग यांचं लग्न, मग माझं, मग मुलंबाळं. आणि कधीतरी आमचं ठरलं की आता निवृत्तीलाच वाचू. दोघंही मोकळे झालो की पहिल्या अंकापासून क्रमानं बसायचं, विषम यांचा, सम माझा, आणि शेवटी तो शेवटचा.

हे आपल्याला पोरखेळ वाटेल. मला तो आधार होता, हो! भांडारात पाइप मोजून कंटाळा आला की मी स्वतःला म्हणायचो, थांब, अजून एक अंक वाचायचा शिल्लक आहे.

तो शेवट कुणाच्या तोंडून कानावर पडू नये म्हणून मी काय काय केलंय! एका स्नेहभोजनात दोन गृहस्थ पाणबुड्याबद्दल बोलायला लागले, तर मी हातातलं ताट टाकून अंगणात गेलो. तेव्हा माझ्या मागोमाग हे बाहेर आले, पाठीवर हात ठेवला. मग आत जाऊन त्या गृहस्थांना यांनी बजावलं, “याला शेवट सांगायचा नाही, सांगितलात तर गाठ माझ्याशी आहे.” मला भरून आलं होतं. म्हटलं, मित्र असावा तर असा.

माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पट्ट्या होत्या, तेव्हा हे रोज कार्यालय सुटल्यावर दवाखान्यात यायचे आणि माझे सम अंक वाचून दाखवायचे. नुसते शब्द नव्हेत, चित्रंसुद्धा. “वरच्या चौकटीत समुद्र आहे. डावीकडे पाणबुड्या. माशाचे खवले नीट काढलेत, काळजी करू नकोस.” आणि पान संपलं की थांबायचे. मी ‘हं’ म्हटलं की मगच कागदाचा आवाज यायचा. हेही मी आज सांगायला हवं. सत्कार आहे, खोटं बोलायचं नाही.

आता परवाचं सांगतो. वहिनी, माफ करा, पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

मी यांच्याकडे गेलो होतो. घरात खोकी बांधणं चाललं होतं, कारण निवृत्तीनंतर हे दोघं लेकीकडे राहायला जाणार आहेत. मी विचारलं, “अंकांचं खोकं कुठलं? ते मी आजच नेतो, क्रम लावायला घेतो.” हे चहा ओतत होते. मान वर न करता म्हणाले, “अरे, ते मागच्याच महिन्यात दिले मी. लेकीकडे जागा नाही. एका जुन्या पुस्तकवाल्याला सगळे देऊन टाकले.”

मी म्हटलं, “सगळे? आणि तो शेवटचा?”

तर हे म्हणाले, “तोही. शेवट काही खास नव्हता रे.”

वहिनी भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांना माझ्या आधी कळलं. मला कळायला वेळ लागला, मी गोगलगाय ना! शेवट खास नव्हता हे याला कसं ठाऊक?

वाचला होता यानं. कधी? अंक आला त्याच दिवशी. कुठे? बस थांब्यावर, उभ्या उभ्या! मला फोन केला तेव्हा तो वाचून झालेला होता. “तू इतक्या हौसेनं म्हणालास, उघडू नकोस, मग माझ्या तोंडून निघेना. नंतर सांगायचं राहून गेलं.”

राहून गेलं! छत्री न्यायची राहून जाते. तीस वर्षं काय राहून जातं? त्या अंगणात तू माझ्या पाठीवर हात ठेवलास तेव्हाही तुला शेवट ठाऊक होता. दवाखान्यात माझ्या ‘हं’साठी थांबायचास तेव्हाही ठाऊक होता. मी जिन्यात बसलोय, तुझी वाट बघतोय, आणि तू कधीच पुस्तक मिटून उठून गेलायस, हे तू मला कळूसुद्धा दिलं नाहीस. याला केसानं गळा कापणं म्हणतात, सुसाट. मला दुसरा शब्द नाही.

अध्यक्ष महोदय, क्षमा असावी, एकेरीवर आलो.

नाही, नाही, तुम्ही बसा. सत्कारमूर्तींनी मधे उठायचं नसतं. माझं संपत आलंय.

मी त्या पुस्तकवाल्याकडे गेलो. बाकीचे अंक विकले गेले होते, एकेक करून, कुणाला कुठला ते त्यालाही आठवेना. म्हणजे माझ्याकडे आता प्रत्येक गोष्टीचा एक सोडून एक तुकडा आहे. शेवटचा अंक मात्र होता. भिंतीवर टांगलेला, जाड पारदर्शक प्लास्टिकमध्ये चारी बाजूंनी बंद केलेला. मुखपृष्ठावर समुद्र, रिकामी वाटणारी होडी आणि पाण्यात गेलेला दोर. मी म्हटलं, जरा उघडून दाखवा. तो असा दचकला की जणू मी त्याचं तान्हं मूल मागितलंय. म्हणाला, “उघडलं की मातीमोल झालं, काका. हे घेणारे लोक वाचत नाहीत.” वाचत नाहीत! जपतात म्हणे. सगळ्यात वाईट जात हीच, असं मी तोवर समजत होतो. त्या दिवशी वाटलं, ती माणसं निदान तो कुणापासून चोरून तरी वाचत नाहीत.

आता एक गोष्ट आपल्या सर्वांशी संबंधित. सत्कारमूर्तींना भेट देण्यासाठी आपण वर्गणी काढलीत आणि माजी भांडारपाल म्हणून खरेदी माझ्यावर सोपवलीत. या कार्यालयाची रीत आहे, निवृत्तांना भिंतीवरचं घड्याळ देतात. माझंही घरात आहे, दहा मिनिटं मागे चालतं. टेबलावरच्या या पुडक्यात घड्याळ आहे असं आपण धरून चालला असाल. नाही. बिलाच्या खिडकीवरच्या ताई, आपण कपाळाला हात लावलात ते दिसलं मला. वर्गणी पुरली नाही, वरची भर माझी, तेव्हा तक्रार असलीच तर अर्धीच करा.

त्यात तो अंक आहे. बंद आहे तसाच. मी उघडला नाही. दुकानातून घरी आणला, टेबलावर ठेवला, समोर बसून राहिलो. मनात आलं, याच्यासारखंच करावं, उभ्या उभ्या वाचून मोकळं व्हावं. हात नाही झाला. मला एकट्याला वाचता येतच नाही तो. पान कोण उलटणार?

दोर सुटला की सोडला, मला आजही ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही म्हणता की ते काही खास नव्हतं. चौकटी चौकटीनं बघितल्याशिवाय मी ते मानणार नाही. माझा राग गेलेला नाही, तो असा चहाबरोबर जाणारा नाही. सोमवारी तुम्ही लेकीकडे जाणार, मग आपल्यामध्ये ती एक भिंतही नसेल. म्हणून जे काही व्हायचं ते आज.

अध्यक्ष महोदयांनी परवानगी द्यावी. ही कात्री भांडारातली आहे, माझ्या जुन्या खणातली, सही करून आणली आहे. सत्कारमूर्तींनी पुढे यावं आणि आपल्या हातानं ते प्लास्टिक कापावं. मातीमोल होऊ दे. वाकून बसता येईल अशा पायऱ्या या व्यासपीठालाच आहेत. दोघं मावतात, मी सकाळी येऊन पाहिलं.

आपण सर्वांनी हे सगळं ऐकून घेतलंत, मुख्य अभियंता साहेबांनी एकदाही घंटी वाजवली नाही, वहिनींनी रागावून पाहिलं नाही, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात सत्काराचं भान सुटलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर ते म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घालावं. आपण खुशाल चहाला जा, आमच्यासाठी थांबू नका. आम्हाला वेळ लागेल.

या, सुसाट. बसा. आणि चष्मा लावा. पण एक लक्षात ठेवा, कोपरा नुसता धरायचा. मी अजून ‘हं’ म्हटलेलं नाही.