घोंगड्यानं पुसलेली मोटार

(रहिमतपूरजवळचं एक गाव, सन १९४६. खंडेनवमीची सकाळ. लालासाहेबांच्या घरापुढं काळी मोटार उभी आहे. तिच्यापाशी दोघं : मोटारीचा ड्रायव्हर ज्ञानू आणि घरची मेंढरं राखणारा बिराप्पा. घरात लालासाहेब आणि त्यांच्या आई आक्कासाहेब.)

ज्ञानू : तिकडनं न्हवं, हितनं बघ. बानेटवर. उन्हाकडं तोंड कर आनि बघ.

बिराप्पा : बघतोय की. चमकतंय.

ज्ञानू : चमकतंय ते वरबाडलंय, बिराप्पा. ह्या बारीक रेघा. ही बघ, ही बघ, ह्या गोल गोल. दारावर बी त्याच. टपावर बी त्याच.

बिराप्पा : ऊन पडलं की तसं दिसतंय.

ज्ञानू : पाटंच्या पारी धुतली, वाळीवली, सावलीत लावली. तवा तोंड बघून घ्यावं अशी व्हती. भाकर खायाला घरला गेलो नि तासाभरात आलो, तर ही अशी. कुनी हात लावला?

बिराप्पा : कोन लावनार, लगा? मोठ्यांची मोटार.

ज्ञानू : त्या दोरीवर नवं घोंगडं वाळत घातलंय. पानी गळतंय अजून. सणाच्या दिशी कोरं घोंगडं कोन भिजवतं रं?

बिराप्पा : म्याच पुसली. आक्कासाहेब म्हनल्या, पूस, म्हनून पुसली. मला काय ठावं का रेघा उठत्यात? म्या तर लय जोर लावून पुसली, बैलाची पाठ चोळावी तशी. वाटलं, ज्ञानू यील नि म्हनंल, बरं केलंस गड्या.

ज्ञानू : वाळल्याली गाडी कशापायी पुसलीस?

बिराप्पा : वाळल्याली कुठली. परत धुतली न्हवं.

ज्ञानू : परत का?

बिराप्पा : जाऊ दे की आता.

ज्ञानू : का धुतली?

बिराप्पा : तुजा हात लागल्याला म्हनून. आता आज खंडेनवमी. तलवार पुजायची, बंदूक पुजायची, कुदळ-फावडं पुजायचं, त्यात औंदा ही मोटार. आक्कासाहेब म्हनल्या, महाराच्या हातची तशीच पूजेला ठेवू नगा. मग गोमूत्र शिंपडलं. मग ईस घागरी हिरीचं पानी. म्या नि गुंडा गड्यानं वडलं.

ज्ञानू : आनि घोंगडं?

बिराप्पा : लोकरीला इटाळ न्हाई म्हनं. सुताचं फडकं बाटतं, लोकर बाटत न्हाई. म्हनून देवघरातलं कोरं घोंगडं काढून दिलं. त्या तर राखुंडीनं घासा म्हनत व्हत्या, बाटल्यालं भांडं घासत्यात तशी. म्याच म्हनलं, आवं नगो, रंग जाईल. तेवढं तरी ध्यानात घे.

ज्ञानू : घेतलं. अजून काय घिऊ? आनि ते घोंगडं नवं, चिंचुक्याची खळ दिल्यालं. उघड्या पाठीवर घेतलं तर मानूस खरचटतंय, ते रंगावर चोळलंस. त्यात कुसळं, त्यात धूळ. एक एक कुसळ म्हंजे एक एक सुई. पानी उचलायचं असतंय गड्या, पुसायचं नसतंय. माझ्याकडं त्येच्यासाठी वस्तू हाय.

बिराप्पा : ते कातडं?

ज्ञानू : शामी म्हनत्यात त्येला. मेंढीचंच कातडं, तेलात कमावल्यालं. भिजवायचं, पिळायचं, रंगावर पालथं पसरायचं नि अल्लद वडायचं. दाबायचं न्हाई. परत पिळायचं. वरनं खाली. खालची पट्टी नि चाकं शेवटी, ती बी दुसऱ्या फडक्यानं. आनि ते भुईवर पडलं तर धुतल्याबिगर रंगाला लावायचं न्हाई. पलटनीतल्या कर्नलसाहेबानं निघताना माझ्या हातात दिलं. शिटाखाली डब्यात ठेवलंय.

बिराप्पा : डबा हाय.

ज्ञानू : म्हंजे?

बिराप्पा : धुताना शिटं बाहिर काढली. आक्कासाहेबांनी बघितलं. म्हनल्या, पूजेच्या गाडीत चामडं कसलं ठेवलंय ह्येनं. काठीनं उचलून उकिरड्यावर टाकाया लावलं.

ज्ञानू : तू टाकलंस?

बिराप्पा : म्या. मघाशी आनाया गेलतो परत, तुझी शप्पत. कुत्र्यांनी चघाळलंय. दोन तुकडं घावलं, हे बघ, कमरंला खवल्यात.

ज्ञानू : नगो. ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी.

बिराप्पा : रागावलास.

ज्ञानू : राग न्हाई आला. किळस आली. त्या मागल्या दाराला बोकड बांधलाय, त्यो कशाला हाय?

बिराप्पा : उद्या कापायचा. दसऱ्याचा.

ज्ञानू : त्येचं मटान चालतं?

बिराप्पा : कातडं सोलूनच खात्यात की, लगा.

ज्ञानू : हसू नगंस.

बिराप्पा : हसत न्हाई. माझं बी तसंच हाय. माझ्या मेंढराची लोकर देवघरात जाती, मी उंबऱ्याभाईर. पर माझं चालतंय. तुझ्यावानी मी लढाई बघून आलो न्हाई. ...गप, लालासाहेब आलं.

लालासाहेब : काय रे, सकाळी सकाळी काय चाललंय दोघांचं? पूजेची वेळ झाली.

ज्ञानू : साहेब, गाडी बघा.

लालासाहेब : बघितली.

ज्ञानू : रेघा बघितल्या?

लालासाहेब : बघितल्या म्हणतो ना. मी ओट्यावरच होतो.

ज्ञानू : तुमच्याम्होरं घासली?

लालासाहेब : हे बघ ज्ञानू, आईपुढं मला बोलता येत नाही. म्हातारं माणूस आहे. तिची किती वर्षं राहिलीत? वर्षातला एक दिवस तिच्या मनासारखं केलं तर काय बिघडलं? बाकी वर्षभर गाडी तूच चालवतोस. मी तुझ्या शेजारच्या सीटवर बसतो. गावातला कोण बसेल, सांग.

ज्ञानू : बसता. खरं हाय.

लालासाहेब : मग?

ज्ञानू : मग मला पाटं चारला उठवून का धुवाया लावली? सरळ बिराप्पाला सांगायचं. माझ्याकडनं काम करून घ्यायचं, आनि मी पाठ फिरवली की त्येच्यावर गोमूत्र शिंपडायचं? मी समोर असताना शिंपडलं असतं तर निदान मला कळलं असतं, मी कुटं उभा हाय ते.

लालासाहेब : तुला वाईट वाटू नये म्हणूनच तू गेल्यावर केलं.

ज्ञानू : लय विचार केला माझा.

लालासाहेब : टोमणे मारू नकोस. उद्याचं बोलायचंय मला, ते ऐक. बनूच्या लग्नाची बोलणी आहेत. सांगलीला, विश्रामबागला भाऊसोंकडं. मुलाचा बाप. मोटारीचा नादच आहे त्या माणसाला, स्वतःच्या हातानं धुतो. आपण उतरायच्या आत बॉनेटवरनं हात फिरवेल. ह्या रेघा त्याच्या नजरेतनं सुटणार नाहीत.

ज्ञानू : न्हाई सुटायच्या.

लालासाहेब : जातील का पॉलिश लावून?

ज्ञानू : वरच्या जातील, चार दिस घासून. उद्यापातूर न्हाई. दारावरल्या जायाच्याच न्हाईत, त्या खोल गेल्यात.

लालासाहेब : मग त्यानं विचारलं की मी सांगणार, ड्रायव्हरनं कोरड्या फडक्यानं पुसली. नवा माणूस आहे, हात बसतोय अजून. तू काही बोलायचं नाहीस. मान खाली घालून उभं राहायचं. एवढंच.

बिराप्पा : आवं, माझं नाव सांगा की. म्याच पुसलीया. मला काय, मी मेंढक्या. चुकलं म्हंतो मी.

लालासाहेब : तुझं कसं सांगू? ड्रायव्हर असताना धनगरानं घोंगड्यानं गाडी का पुसली, ते विचारेल ना तो. मग सगळंच बाहेर येईल.

बिराप्पा : यीना का.

लालासाहेब : तुला कळत नाही, गप बस. भाऊसो सुधारक मताचे आहेत. त्यांच्या विहिरीवर सगळ्या जातीचे लोक पाणी भरतात. मागच्या भेटीत मी त्यांना सांगितलं, आमच्याकडं महाराचा पोरगा मोटार चालवतो, घरच्यासारखा आहे. ते ऐकून तर त्यांचं मन आमच्याकडं वळलं. उद्या ते ज्ञानूला आपल्या पंक्तीला बसवणार आहेत. तसं पत्र आलंय.

ज्ञानू : म्हंजे मी उद्या यायलाच पायजे.

लालासाहेब : तुझ्याशिवाय कसं जाईन मी?

ज्ञानू : हितं मी महार म्हनून गाडी धुवायची. तितं मी महार म्हनून मला दाखवाया न्यायचं. आनि गाडी खराब झाली ती बी मीच केली म्हनायचं.

लालासाहेब : माझ्या पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, ज्ञानू.

ज्ञानू : बनुताईंचं चांगलं व्हावं. त्यांनी माझं कायबी वाईट केल्यालं न्हाई. पर साहेब, मला तुमची शिसारी येतीया. आक्कासाहेबांची येत न्हाई. त्यांचं तोंड सरळ हाय. त्या महार म्हनत्यात, इटाळ म्हनत्यात, काठीनं उचलाया लावत्यात. तुमी शेजारी बसता, पाठीवर हात ठिवता, नि मागनं ईस घागरी वतू देता.

लालासाहेब : जिभेला आवर घाल. कुणापुढं बोलतोयस?

ज्ञानू : कुणापुढं ते आत्ता कळालं.

लालासाहेब : बरं. मग मीही सरळ सांगतो. उद्या मान खाली घालायची नसेल तर परवापासून गाडीला हात लावू नकोस. गावात तुझ्या वाटणीचं काम आहेच. काल कोंडीबाची म्हैस मेली. अजून गोठ्यात पडलीय, ओढायला माणूस नाही. तुझा बाप करायचाच ना ते?

बिराप्पा : मालक, सणाच्या दिशी हे बोलू नगा.

ज्ञानू : बोलू दे, बिराप्पा. माझा बा वडायचा. पाठीला कातडं बांधून घरला यायचा. वास जायाचा न्हाई म्हनून आई त्येला रातभर भाईर निजवायची. म्हनून मी पळून पलटनीत गेलो. आफ्रिकेच्या वाळूत गाडी हाकली, इटलीच्या चिखलात हाकली. तीन वरसं रोज कर्नलसाहेबाची गाडी धुतली, वाळीवली. वर बांब पडत व्हतं तवा बी. त्या गाडीवर एक रेघ न्हाई माझ्या हातची.

लालासाहेब : मग एका रेघेनं काय होतंय आता? तोंडानं तर म्हणायचंय.

ज्ञानू : साहेब, मला शेत न्हाई. वेशीच्या आत घर न्हाई. तुमच्या पंक्तीत पान न्हाई. माझ्याजवळ हे एवढंच हाय, का माझ्या हातानं रंगाला रेघ जात न्हाई. तुमी तेच मागताय.

बिराप्पा : मालक, खरं सांगून टाका त्या पावन्याला. त्यो जर येवढा सुधारलेला हाय तर कळंल त्येला.

लालासाहेब : कळेल आणि सोयरीक मोडेल.

ज्ञानू : मोडंल बी. तुमी सांगा का नगा सांगू, तुमचं तुमी बघा. मी सांगनार न्हाई कुनाला. पर मी केलं म्हनायला मी येनार न्हाई.

लालासाहेब : ज्ञानू, ऐक. रागात बोललो मी. म्हशीचं विसर. असं कर, उद्या तू काही बोलू नकोस, मीही काही बोलणार नाही. विचारलंच तर बघू. परत आल्यावर तुला मुंबईहून नवं कातडं मागवून देतो. तस्संच.

ज्ञानू : कातडं नगो.

लालासाहेब : मग काय पाहिजे तुला?

ज्ञानू : आक्कासाहेबांना हाक मारा. त्यांच्याम्होरं म्हना, गाडी ज्ञानूनं चांगली धुतल्याली, आपुन ती खराब केली. येवढंच. पूजा त्यानंतर करा.

लालासाहेब : आज? सणाच्या दिवशी, आईला?

ज्ञानू : आजच.

लालासाहेब : ते जमायचं नाही.

ज्ञानू : ठावं हाय. इचारून बघितलं.

बिराप्पा : ज्ञानू, कुटं जानार लगा? गावात ऱ्हाऊ देत्याल का तुला?

ज्ञानू : दुपारची मिरजंची गाडी हाय. तितं मोटारी लय झाल्यात आता. एखाद्याच्या गाडीला ड्रायव्हर लागंलच. न्हाई लागला तर म्होरं जाईन. म्हस मातूर वडायचो न्हाई.

बिराप्पा : माझ्यापायी झालं हे.

ज्ञानू : तुझ्यापायी न्हाई. तू जोर लावलास, कारन तुला वाटलं चांगलं काम करतोय. एक ध्यानात ठेव. ते पान्याचं थेंब अजून मडगार्डवर हायत, ते सुकायच्या आत उचल. हिरीचं पानी खारं हाय, पांढरं डाग धरतंय. जुनं धोतराचं फडकं घे, धू, पिळ, नि नुसतं टेकव. चोळू नगंस.

बिराप्पा : टेकवतो.

लालासाहेब : उद्याचं काय, ज्ञानू? गाडी कोण नेईल?

ज्ञानू : तुमी बघा.

लालासाहेब : ठीक आहे. जायचंच ठरवलंस तर जा. किल्ली दे. ...हा, हातात दे की, खाली कशाला वाकतोस?

ज्ञानू : आक्कासाहेब खिडकीत उभ्या हायत. हितं पायरीवरच ठिवतो.