सोकचोला उतरताना

सोराकच्या डोंगरातलं बुद्धाचं देऊळ बघून आमची सहलीची बस सोकचोच्या किनाऱ्याकडे निघाली. पुढच्या सीटवर मालसून नावाची म्हातारी आणि तिची सून बसल्या होत्या.

“आई, तुम्ही हवं तर बसमध्येच थांबा.”

“का गं?”

“बाबांची होडी इथेच बुडाली ना. तेव्हापासून तुम्ही समुद्राकडे बघितलंसुद्धा नाही.”

“आज बघणार. बुद्धापुढे कपाळ टेकून तसं सांगून आलेय.”

“मग बाबांशी काय बोलणार?”

“बोलणार कसलं, भांडणार! वादळात जाऊ नका म्हटलं होतं, ऐकलं का? मग सांगेन, पोरं मी एकटीने मार्गाला लावली.”

बस थांबली. गाईड म्हणाला, “सगळ्यांनी अर्ध्या तासात परत या.”

“अर्ध्या तासात नुसतं भांडणच होईल, बाळा,” म्हातारी सगळ्यांच्या आधी उतरत म्हणाली. “बस थांबवून ठेव.”