सरांना बसवा

दिनांक १० फेब्रुवारी २०२५, सकाळी ९.२०

नाव लालासाहेब बिराप्पा खोत, वय ५४ वर्षे, धंदा शेती (सैन्यातून निवृत्त हवालदार), राहणार तालमीची गल्ली, सांगली.

मी आज कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात आलो असून समक्ष सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी मनुबाई हिच्यासह राहतो. आमच्या गल्लीच्या तालमीचा फुटबॉल संघ आहे. मी पलटणीच्या संघात गोलकीपर होतो. निवृत्त झाल्यापासून कालपर्यंत तालमीच्या संघाचा एकही सामना मी चुकवलेला नव्हता.

संघाचे प्रशिक्षक सुमंत दामले, वय ६१, यांना आम्ही सर म्हणतो. ते नऊ वर्षांपूर्वी आले. त्याआधी आमचा संघ उपांत्य फेरीत कधी गेला नव्हता. सर आल्यापासून पाच चषक आले. कोणी कुठे उभे राहायचे, कोणी काय खायचे, कोणी कोणाच्या लग्नाला जायचे नाही, हे सर्व सर ठरवत. येत्या जूनमध्ये आपण मुलीकडे पुण्याला कायमचे जाणार, असे त्यांनी जानेवारीत सांगितले. त्यानंतर सातारा येथे साखळी सामना झाला. सरांना ताप होता म्हणून ते आले नाहीत. आम्ही ४-० असे हरलो. आमचे खेळाडू चेंडू पायात असताना सरांच्या रिकाम्या बाकाकडे बघत होते. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. नंतरचे सामने सर आल्यामुळे जिंकले आणि संघ अंतिम फेरीत गेला.

शनिवारी, दि. ८ रोजी, सायंकाळी सहा वाजता तालमीत बैठक झाली. तीस-पस्तीस लोक होते. समर्थक मंडळाचे अध्यक्ष विश्वजीत माने म्हणाले की, सर्वांनी मिळून सरांच्या पाया पडू, पण त्यांना जाऊ द्यायचे नाही. मी विरोध केला. त्यावेळी झालेले बोलणे मला आठवते तसे सांगतो.

मी म्हणालो, "पाया पडून किती वर्सं काढणार? सर अमर हायत का?"

विश्वजीत म्हणाले, "हवालदार, नऊ वर्सांत पाच चषक. त्याच्या आदी काय हुतं आपल्याकडं? एक हलगी आन दोन फुटके चेंडू."

मी म्हणालो, "आजबी तेवढंच हाय. बाकीचं सगळं सरांचं हाय. सातारला बघितलंस न्हवं? आई बाजारात हरवल्यावानी करत हुती पोरं."

विश्वजीत म्हणाले, "तुमी गोली हुता आण्णा. तुमास्नी उबं राहून दुसऱ्याला शिव्या द्यायची सवय हाय."

लोक हसले. मला राग आला. मी म्हणालो, "उद्या सरांना बसवा. आपल्या पायावर उबं राहता येतंय का, एकदा बघूच."

सरांनी मैदानाच्या कडेला उभे न राहता पाहुण्यांच्या खुर्चीत बसावे, असे मला म्हणायचे होते. विश्वजीत म्हणाले, "आन सरांना बसवणार कोण? तुमी?" त्यावर मी काय बोललो ते मला आठवत नाही.

जयराज शिंदे, वय २६, हा बैठकीत दाराजवळ बसला होता. तो पूर्वी संघात बचाव फळीत खेळत असे. मागील हंगामापासून सरांनी त्याला खेळवले नव्हते. तेव्हापासून तो आमच्यात बसून हलगी वाजवतो आणि संघाचा झेंडा नाचवतो.

रविवारी, दि. ९ रोजी, सामना दुपारी चार वाजता होता. अंतिम सामन्याच्या दिवशी सर तालमीमागच्या मैदानात चुन्याने जागा आखतात आणि खेळाडूंना त्यावरून चालवतात. तसे त्यांनी केले. साडेबाराला खेळाडू गाडीने बाहेर जेवायला गेले, तेथूनच ते सामन्याला जाणार होते. सर एकटेच मैदानात होते. मी आणि विश्वजीत तालमीच्या मागच्या पायरीवर बसलो होतो. अंतर अंदाजे चाळीस पावले.

जयराज गल्लीच्या बाजूने आला. त्याच्या हातात झेंड्याचा लोखंडी पाइप होता. झेंडा गुंडाळलेला होता. त्याने पाइप खाली ठेवला आणि सरांच्या पाया पडला. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. विश्वजीत मला म्हणाले, "बघा, मिटलं वाटतं दोघांचं."

जयराजने पाइप उचलला आणि सरांच्या डाव्या गुडघ्यावर मारला. सर त्या बाजूला कलले. जयराज म्हणाला, "सर, बसा." मग उजव्या गुडघ्यावर मारला. सर खाली पडले. "जयराज, थांब," असे ते म्हणाले. मैदानावर बोलतात त्याच आवाजात म्हणाले. त्यांनी हात आडवा धरला. तिसरा घाव हातावर बसला. उजव्या पायाचे हाड कातडीतून बाहेर आले होते.

मी पळत गेलो. जयराजने पाइप माझ्यासमोर धरला. तो घाबरलेला नव्हता. म्हणाला, "आण्णा, बसवलं."

मी पाइप घेतला आणि त्याच्या तोंडावर मारला. तो गुडघ्यावर आला. मी पुन्हा मारले. किती वेळा मारले ते मी मोजलेले नाही. विश्वजीत तीन म्हणतात. जयराजने हात वर केले नाहीत. त्याचा जबडा उतरला होता, तरी तो बोलला. "आवं, तुमीच म्हणालासा," एवढे मला ऐकू आले. त्यानंतर मी डोक्यावर मारले. मग गल्लीतले आठ-दहा लोक आले. सरांना बघून ते जयराजवर धावले. त्यांनी लाथांनी मारले. त्यांतल्या संघात नसलेल्या काही पोरांच्या पायात खेळायचे बूट होते. मी कोणाला अडवले नाही.

विश्वजीत यांच्या टेम्पोत सरांना घातले. मी मागे बसलो आणि त्यांचे पाय दोन्ही हातांनी धरून ठेवले. सर शुद्धीवर होते. ते म्हणाले, "लालासाहेब, मुलांना इतक्यात सांगू नका. सामना होऊ दे." दवाखान्यात त्यांच्या पत्नी अबोलीवहिनी आल्या. त्यांनी माझ्या कपड्यांकडे पाहिले आणि विचारले, "हे सगळं ह्यांचंच का?" जयराज मैदानावरच होता. त्याला कोणी आणि किती वाजता उचलले, ते मला माहीत नाही.

सामना ठरल्या वेळी झाला. खेळाडूंना सरांची तब्येत बिघडली एवढेच सांगण्यात आले होते. आम्ही २-१ असे जिंकलो. विश्वजीत सामन्याला गेले होते. त्यांनी मला फोन करून सांगितले की, कर्णधार राजवर्धनने एकदाही बाकाकडे बघितले नाही, दुसरा गोल तर पोरांनी स्वतःच्या डोक्याने केला. एवढे सांगून ते फोनवर रडू लागले. मागे हलगी वाजत होती. दुसरेच कोणी वाजवत असावे. संघ सरांशिवाय जिंकू शकतो हे माझे म्हणणे खरे ठरले. तुम्ही विचारले म्हणून सांगतो.

जयराज आज पहाटे चार वाजता मयत झाला, हे मला येथे आल्यावर समजले. त्याची आई शालूबाई बाहेर बाकावर बसली आहे. मी आत येताना तिने मला नमस्कार केला.

मला विचारण्यात आले की, जयराजने शब्दाचा चुकीचा अर्थ घेतला असे माझे म्हणणे आहे काय. त्यावर सांगतो की, मागील वर्षी वडूजच्या संघाविरुद्ध उपांत्य सामना होता. त्यांच्या दहा नंबरने आमच्यावर दोन गोल केले होते. मी लोकांतून ओरडलो, "जयराज, दहा नंबर बसव." जयराज दोन्ही पायांनी घुसला. त्या खेळाडूची नडगी मोडली. आम्ही जिंकलो. मी जयराजला माझ्या हाताने पेढा भरवला. त्याच फाउलमुळे सरांनी त्याला संघातून काढले. तुला कोणी सांगितले, असे सरांनी त्याला सर्वांसमोर विचारले. जयराजने नाव सांगितले नाही. मी तिथेच उभा होतो. मीही सांगितले नाही.

शनिवारच्या बैठकीत, सरांना बसवणार कोण, या प्रश्नावर मी दाराकडे बघून म्हणालो होतो, "हाय की आपला जयराज." लोक हसले. तो हसला नाही. त्याने मान हलवली. तेव्हा ते माझ्या लक्षात आले होते.

हे सर्व मी कोणाच्या दबावाखाली न येता, शुद्धीत सांगितले आहे. लिहिलेले मला मराठीत वाचून दाखवले, मी ऐकले. लिहून घेणाऱ्या अंमलदारांनी "बसवा" या शब्दापुढे कंसात "खुर्चीत बसवणे" असा अर्थ लिहिला होता. तो मी खोडायला लावला. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
लालासाहेब बिराप्पा खोत